गिळलेली ओळ

टकटक्या हे लिहिणारच नव्हता. दोनदा फाईल उघडली, दोनदा बंद केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडायची, असं त्याचं म्हणणं. मग त्याला आठवलं, मूठ झाकण्यापायीच तर त्याचा मित्र बळी जाणार होता. तो बसला आणि एका दमात सुटला. टकटक, टकटक. म्हणून तर ऑफिसात त्याला टकटक्या म्हणायचे. कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता, बघून बघून, चुकून चुकून शिकला होता. आणि रागावला की कीबोर्ड बडवायचा.

या सगळ्या प्रकरणात त्यानं कीबोर्ड फार बडवला.

सुरुवात फोननं झाली. सकाळी दात घासत असताना. फोन घुम्याच्या आईचा.

"कुठं आहेस तू?"

"घरीच. काय झालं काकू?"

"त्याच्याकडून लिहून घेतायत रे. माझ्या हलगर्जीपणामुळं झालं, असं. दुपारी सहीला बोलावलंय. आणि हा गाढव करतो म्हणतोय!"

"घुम्या सही करतो म्हणतोय?"

"म्हणतो, त्या मावशींची बोटं गेलीच ना आई, कोणाच्या तरी नावावर जाणारच. माझ्या जाऊ दे. असं कोणी बोलतं का? सही केली की पोलिसात जाईल तो कागद. पुन्हा कोण नोकरी देणार त्याला?"

टकटक्यानं तोंडातला फेस थुंकला आणि चूळ भरता भरताच शर्ट चढवला.

घुम्या त्याचा जिवलग. कमी बोलायचा, म्हणून घुम्या. दोघं एकाच कंपनीत. ही कंपनी लिफ्टचा मेंदू बनवते, म्हणजे ती छोटी पाटी, जिच्यात प्रोग्राम असतो आणि जी दाराला सांगते, उघड, मीट, थांब. टकटक्या बटणांचा आणि आकड्यांचा भाग लिहायचा. घुम्या दाराचा.

शहरातल्या एका शिवणकामाच्या इमारतीतून तक्रार आली होती. लिफ्टचं दार मिटताना मध्ये हात आला तर दार लगेच उघडत नाही, अडखळतं. घुम्यानं दुरुस्ती लिहिली, बिल्ड मारलं, म्हणजे लिहिलेल्या कोडचा प्रोग्राम बनवायला लावला, आणि बनलेली फाईल पेनड्राइव्हवर दिली. मिस्त्रीनं ती पाटीत भरली आणि 'लिफ्ट बंद आहे' हा बोर्ड काढून टाकला.

बोर्ड काढला म्हणून मावशींनी भरवसा ठेवला. मागून धावत येणाऱ्या मैत्रिणीसाठी त्यांनी दारात हात घातला. दार उघडलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मावशी काजं करायच्या, शर्टांची. सगळं घर त्या बोटांवर.

पाटी खोलून बघितली तर आत जुनाच प्रोग्राम.

म्हणजे घुम्यानं जुनी फाईल दिली. इतकं सरळ. इतकं सरळ असलं की टकटक्याला आधी चीड यायची, मग संशय.

*

ऑफिसच्या हॉलमध्ये भिंतीवर एक भलामोठा पडदा होता. सगळ्यांच्या मशीनवरच्या चुका मोजून दाखवायचा. लाल आकडा म्हणजे एरर, पिवळा म्हणजे वॉर्निंग. आज पिवळा आकडा शेकड्यांत होता. टकटक्या त्याच्याकडे न बघताच पुढं गेला. त्यानं बघायला हवं होतं.

मालकांच्या केबिनमध्ये मालक होते आणि दादा. दादा म्हणजे टीम लीड, सगळ्यांचे दादा. मऊ आवाज, इस्त्रीचा शर्ट, कोणी चिडलं की आधी पाण्याचा ग्लास पुढं करणार.

"साहेब, घुम्यानं केलं नाही हे," टकटक्या म्हणाला.

"मग कोणी केलं?" मालक म्हणाले.

"माहीत नाही अजून."

"बस आधी. पाणी घे," दादा म्हणाले.

"पाणी नकोय दादा! त्याला विचारलं का कोणी, तेव्हा स्क्रीनवर काय दिसत होतं?"

"विचारलं. म्हणतो, एकही चूक नव्हती. अरे, चूक नसती तर नवी फाईल बनली असती. बनली का? नाही. पॅनल कधी खोटं बोलत नाही, टकटक्या. माणूस बोलतो. त्याचा कोड सर्व्हरवर आहे. तुझ्या मशीनवर घे आणि स्वतः बघ."

टकटक्यानं तिथल्या तिथं स्वतःचा लॅपटॉप उघडला. घुम्याचा कोड घेतला, बिल्ड मारलं.

स्क्रीनच्या खालच्या भागात, चुका दाखवणाऱ्या पॅनलमध्ये, पिवळ्या ओळींचा ढीग पडला. आणि सगळ्यात वर एक लालभडक ओळ. घुम्याच्या फाईलमध्ये. सेन्सरच्या एका फंक्शनला दोन आकडे द्यायचे, घुम्यानं एकच दिला होता. कंपायलरनं, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्यानं, काम नाकारलं होतं. नवी फाईल बनलीच नव्हती. फोल्डरमध्ये त्याच नावाची जुनी फाईल तशीच पडून होती.

"दिसलं?" दादा हळूच म्हणाले. "आंधळ्यालाही दिसेल इतकं लाल. त्यानं बघितलं आणि तरी जुनी फाईल उचलून दिली. मला काय आनंद होतोय का रे? माझ्याच हाताखालचा पोरगा."

मालकांनी मान खाली घातली. "दुपारी सही होईल."

मदत करायला गेला आणि मित्राच्याच गळ्यात दोर अडकवून आला. टकटक्यानं बाहेर येऊन खुर्चीला लाथ मारली. खुर्चीला काही झालं नाही. अंगठा मात्र दिवसभर ठणकला.

*

घुम्या ऑफिसच्या पायरीवर बसला होता. आत यायला बंदी. लॅपटॉप तर अपघाताच्याच दिवशी काढून घेतलेला.

"खरं सांग," टकटक्या म्हणाला. "मला तुझा राग यायला लागलाय. लाल ओळ बघितलीस का नाही?"

"नव्हती."

"माझ्याकडं आहे!"

"माझ्याकडं नव्हती."

"पॅनलवर काय होतं?"

"लाल शून्य. पिवळं शून्य."

"आईशप्पथ?"

"आईला मध्ये आणू नकोस. तिचा सकाळपासून आरडाओरडा चाललाय."

"आणि कोडच्या कडेला? काहीच खूण नव्हती?"

घुम्यानं डोळे मिटून आठवलं. "निळे ठिपके होते. ते काय, फुटकळ माहिती. सेन्सरवाल्या कंपनीनं त्यांच्या तयार कोडची नवी लायब्ररी पाठवली ना, तेव्हापासून दाराचं अख्खं फोल्डर निळं झालं होतं. कांजिण्या आल्यासारखं."

"निळं? पिवळं नाही?"

"निळं."

"त्या काळ्या खिडकीत बघितलंस? कंपायलर जे बडबडतो ते?"

घुम्यानं मान हलवली. "नाही. कोण वाचतं ते? चुकलं माझं." मग एकदम डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मी त्यांना भेटायला गेलो होतो दवाखान्यात. दारातूनच परत आलो."

टकटक्याच्या डोक्यात निळा रंग अडकला. त्याच्या मशीनवर निळा एकही नव्हता. लाल होता, ढीगभर पिवळा होता. कोड तोच. कंपायलर तोच. रंग वेगळे.

तो धावत हॉलमध्ये गेला आणि यावेळी भिंतीवरच्या पडद्याकडे नीट बघितलं. पिवळा आकडा, शेकड्यांत.

मागच्या आठवड्यात तो शून्य होता. ग्राहकांची मोठी मंडळी पाहणीला आली होती. त्याच्या आदल्या दिवशी नव्या लायब्ररीमुळं पडदा पिवळाधमक झाला होता, आणि दुपारनंतर अचानक शून्य. दादांना हार घातला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टकटक्यानंही.

त्यानं आजूबाजूच्या चौघांना विचारलं, "त्या दिवशी वॉर्निंग कोणी दुरुस्त केल्या?"

"मी नाही."

"मला वाटलं तू."

"दादांनी केल्या असतील बसून."

एका दुपारीत शेकडो? आणि आता परत आल्या कुठून?

*

नेटवर्कवाल्या ताई जिन्याखालच्या खोलीत बसायच्या. सर्व्हर त्यांच्या ताब्यात. तोंड फाटकं, मन साफ.

"काय रे, कोणाला मारून आलास? चेहरा बघ."

"ताई, चुका कशा ओळखायच्या याच्या सेटिंग कुठून येतात?"

"माझ्याकडून. म्हणजे सर्व्हरवरून. लॅपटॉप नेटला जोडला की आपोआप उतरतात. सगळ्यांना एकच ताट."

"बदलतं कोण?"

"पासवर्ड तिघांकडं. मी, साहेब, दादा. साहेबांना तर मेलला फोटो जोडायलाही मला हाक मारावी लागते. पण पासवर्ड आहे हो त्यांच्याकडं."

"मागच्या आठवड्यात काय सेटिंग होत्या, बघता येईल?"

"नाही. नवीन आलं की जुनं गेलं. जुनं सांभाळायला जागा द्या म्हणून मी घसा फोडतेय, ऐकतंय कोण माझं?"

टकटक्यानं टेबलावर मूठ आपटली. पेनांचा डबा उलटला.

"उचल ते," ताई म्हणाल्या.

तो खाली वाकून पेनं गोळा करू लागला आणि तसाच थांबला. "ताई, जो लॅपटॉप अपघाताच्या दिवसापासून नेटला लागलाच नाही, त्यात काय असेल?"

ताईंनी चष्मा वर सरकवला. "त्यात? त्या दिवशीचंच सगळं असेल. जसंच्या तसं." मग सावकाश म्हणाल्या, "घुम्याचा लॅपटॉप साहेबांच्या कपाटात आहे. त्यांनी स्वतः बंद करून ठेवलाय."

*

दुपारी केबिनमध्ये सगळे जमले. टेबलावर टाईप केलेला कागद, शेजारी पेन. घुम्या मान खाली घालून उभा. त्याची आई बोलावणं नसताना आलेली, आणि तिला बाहेर काढायची कोणाची हिंमत नव्हती.

"साहेब, सहीच्या आधी एकच गोष्ट," टकटक्या म्हणाला. "घुम्याचा लॅपटॉप उघडायचाय. तुमच्यासमोर."

"उघड," मालक म्हणाले आणि किल्ली काढली.

"पण नेट बंद करून. ताई, या खोलीचं वायफाय तोडा."

"तोडते की." ताई उठल्या आणि भिंतीवरच्या डब्याची वायर खस्सकन उपटली.

"अरे थांबा, थांबा," दादा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "असं नसतं करायचं. आधी नेटला जोड, सेटिंग ताज्या येऊ देत, मग बिल्ड मार. नाहीतर काय दिसतंय त्याला अर्थ काय? मी माझ्या फोनचं नेट देतो." त्यांनी खिशात हात घातलासुद्धा.

"फोन टेबलावर ठेवा, दादा."

"काय?"

"ठेवा म्हटलं ना!"

मालकांनी दादांकडे बघितलं. दादांनी फोन ठेवला.

टकटक्यानं लॅपटॉप सुरू केला. घुम्याची फाईल उघडली. बिल्डच्या बटणाला हातही लावला नाही. फक्त स्क्रीन मालकांकडे वळवली.

"मोजा, साहेब. लाल किती?"

"एकही नाही."

"पिवळ्या?"

"नाही. कडेला निळे ठिपके आहेत."

"या ओळीवरच्या ठिपक्यावर बाण न्या. हीच ती ओळ. सकाळी माझ्या मशीनवर लालभडक होती ती."

मालकांनी बाण नेला. ठिपक्यातून मजकूर उघडला आणि मालकांनी तो मोठ्यानं वाचला. फंक्शनला दोन आकडे हवेत, एकच दिलाय. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा एकदा वाचली.

"हे... हे तर तेच आहे."

"तेच. एरर होती, साहेब. कंपायलर ओरडला होता. पण त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता."

"मला समजेल असं सांग."

टकटक्यानं श्वास घेतला. राग इतका होता की शब्द एकमेकांवर आदळत होते.

"कंपायलरला चूक सापडली की तो काळ्या खिडकीत ओळ लिहितो. साध्या अक्षरांत, शेकडो ओळींच्या गर्दीत. ती गर्दी कोणी वाचत नाही. आपण पॅनल बघतो. पण पॅनलला काय कळतं हो? त्याला आपण नमुने देतो. ओळ अशी दिसली की लाल लाव, तशी दिसली की पिवळा, अमकी दिसली तर नुसती माहिती, निळा. निळं पॅनलच्या आकड्यात धरत नाहीत, भिंतीवरच्या पडद्यातही नाही. प्रत्येक ओळ वरून खाली एकेका नमुन्याला लावून बघतात. आणि प्रत्येक नमुन्यापुढं एक चौकट असते. तिच्यात खूण केली की ओळ तिथंच गिळायची. खालच्या नमुन्यांना दाखवायचीच नाही."

त्यानं सेटिंगचं पान उघडलं. सगळ्यात वर, लाल आणि पिवळ्याच्याही आधी, एक नमुना होता. दाराच्या फोल्डरमधून आलेली कुठलीही ओळ असो, निळी कर. चौकटीत खूण.

"नवी लायब्ररी दाराच्या फोल्डरमध्ये ठेवली. तिच्या शेकडो वॉर्निंग. दुसऱ्या दिवशी पाहुणे. दुरुस्त करायला वेळ नाही, पडदा तर स्वच्छ दिसायला हवा. मग कोणीतरी हा नमुना लिहिला. वॉर्निंग गिळायला लिहिला, पण आळसानं लिहिला. फक्त वॉर्निंग असंही म्हटलं नाही. सरसकट सगळं! त्याच फोल्डरमध्ये घुम्याची फाईल. त्याची खरी एररही गेली पोटात. पॅनल म्हणालं शून्य. त्यानं फोल्डरमधली फाईल उचलली. ती जुनी होती."

"मग तुझ्या मशीनवर सकाळी लाल कसं?" मालकांनी विचारलं.

"कारण अपघातानंतर नमुना काढून टाकला! सर्व्हरवरून गेला, सगळ्यांच्या मशीनवरून गेला. म्हणून तर पडदा परत पिवळा झाला. फक्त हा लॅपटॉप तुमच्या कपाटात होता, त्याला नेट मिळालं नाही. ठिपकेही पुढचं बिल्ड मारेपर्यंत जागचे हलत नाहीत. नेट जोडून एकदा बिल्ड मारलं असतं तर निळं लाल झालं असतं आणि घुम्या जन्माचा खोटारडा ठरला असता."

"पासवर्ड तिघांकडं होता," मालक हळूच म्हणाले. "माझ्याकडं पण."

"तुम्हाला पुसायचंच असतं तर किल्ली तुमच्याच खिशात होती. ताईंनी स्वतःच्या हातानं वायर उपटली. या लॅपटॉपला नेट न मिळण्याची भीती खोलीत एकालाच वाटली. आत जुनं काही शिल्लक आहे हे माहीत असल्याशिवाय ताज्या सेटिंगची एवढी घाई कोणाला होईल?"

कोणी दादांचं नाव घेतलं नाही. गरज नव्हती.

दादा पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. "शेकडो होत्या रे," ते म्हणाले. "एवढ्या वॉर्निंग कोण वाचतं? पाहणीपुरतंच करायचं होतं. नंतर काढणार होतो. विसरलो."

"विसरलात ते समजू शकतो!" टकटक्या ओरडला. "मूर्खपणा आम्हीही करतो, रोज करतो. पण बोटं गेल्यावर आठवलं ना? आठवलं, आणि मग काय केलंत? नमुना पुसलात, आणि सकाळी मलाच म्हणालात, तुझ्या मशीनवर बघ, पॅनल खोटं बोलत नाही! माझ्याच हातानं त्याला फासावर द्यायला निघाला होतात!"

"माझी एवढ्या वर्षांची..."

घुम्याची आई पुढं झाली. तिनं टेबलावरचा तो टाईप केलेला कागद उचलला, दादांच्या पुढ्यात ठेवला, आणि वर पेन ठेवलं.

"नाव तेवढं बदलून घ्या," ती म्हणाली. "मजकूर बरोबर आहे."

*

दादांनी सही केली. मालकांनी त्यांच्यासमोरच पोलिसांना फोन लावला, मग मावशींच्या मुलाला. ताईंना जुन्या सेटिंग सांभाळायला जागा मिळाली. भिंतीवरचा पडदा टकटक्यानं स्टुलावर चढून बंद केला. कोणी अडवलं नाही.

संध्याकाळी दोघं दवाखान्यात गेले. यावेळी घुम्या दारातून परतला नाही. त्यानं मावशींना सगळं सांगितलं, काळी खिडकी आपण वाचली नाही हेसुद्धा.

मावशींनी ऐकून घेतलं. पट्टी बांधलेला हात उशीवर होता.

"त्या शून्यासाठी टाळ्या वाजवल्या म्हणे तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हो, मावशी."

"वाजवा. तुम्हाला दोन्ही हात आहेत."

निघताना मावशी मागून म्हणाल्या, "ती लिफ्ट अजून तशीच आहे का रे? बाकीच्या बायका जातात त्यातनं."

बाहेर रस्त्यावर घुम्या चालता चालता थांबला.

"आज दुसरा आकडा घालतो. काळी खिडकी वरपासून खालपर्यंत वाचतो. फाईल स्वतः नेऊन देतो. पण तरी," तो म्हणाला, "तरी मला आता कुठल्याच रंगाचा भरवसा वाटत नाही. ती फाईल बरोबर आहे हे मला कोण सांगणार?"

"दार सांगेल."

"आणि दाराला विचारणार कोण?"

टकटक्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. टाईप करून करून बोटांची टोकं चपटी झाली होती. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"मी. तू लिहिलेलं दार कुठल्याही इमारतीत लागू दे. बोर्ड काढायच्या आधी मी तिथं येणार, आणि दार मिटायला लागलं की मध्ये पहिला हात माझा. वचन देतो, घुम्या. दरवेळी."